‘खिळे’ लिहिलेला डबा

घर, ३ मार्च

चि. धाकट्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं जहाज कुठल्या पाण्यात आहे कोण जाणे. तिथे फोन लागत नाही, फोटो पोचत नाहीत, फक्त ईमेलची अक्षरं पोचतात, म्हणून सगळं अक्षरांतच रडते. बाबांची तब्येत ठीक आहे. काठी न घेता गॅलरीपर्यंत जातात आणि तिथून मला हात करून दाखवतात. शब्दांचंही छान चाललं होतं. ‘होतं’ हे मुद्दाम लिहिलंय.

काल दुपारी तू टीव्हीला जोडलेल्या सर्व्हरवर ‘अपग्रेड करा’ अशी पाटी आली. ती रोज येते आणि मी रोज ‘नंतर’ म्हणते. काल ऑर्डरच्या कवळीच्या साच्यात प्लास्टर ओतलं होतं, ते हातावर वाळायच्या आत धुवायचं होतं, म्हणून पाटी एकदाची टळावी यासाठी ‘हो’ दाबलं. हात धुऊन येते तर व्हिडिओंची लायब्ररी कोरी! बाबांचा सगळा अभ्यास गायब. माझ्या तोंडचं पाणीच पळालं.

तू अख्खी सुट्टी खर्चून घरच्या जुन्या व्हिडिओंमधून तो अभ्यास जुळवला होतास. कॅमेऱ्यामागून आई विचारते, अहो, हे काय आहे सांगा बरं; मग तू घातलेली लांब शांतता, बाबांना शब्द शोधायला; आणि मग आईचं हसू, उत्तर बरोबर असो की चूक. अर्धांगाचा झटका आल्यापासून बाबांना माझ्या प्रश्नावर शब्द सापडत नाही, बोलायला शिकवणाऱ्या वाचोपचाराच्या बाईंच्या प्रश्नावरही नाही. आई गेली तरी तिलाच उत्तर देतात. बाई म्हणाल्या होत्या, उजळणीत खंड पडला तर आलेले शब्द मागे फिरतात. आज दुपारी बाबा नेहमीच्या वेळी टीव्हीसमोर येऊन बसले आणि मी दुसरंच काहीतरी लावलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ते मला सहन होईना.

काय करू ते पायरी पायरीने लिही. मला ढ समजूनच लिही, मी रागावणार नाही.
आशीर्वाद भरपूर, धीर मात्र संपलेला.
तुझी ताई


जहाजावरून, ५ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र इंजिनरूममध्ये उभ्या उभ्या वाचलं. आधी डोक्यावर बर्फ ठेव. व्हिडिओ गेलेले नाहीत, ते वेगळ्या जागी आहेत. गेलं आहे ते त्यांचं टिपण. असं समज, तुझ्या टेबलावरच्या सगळ्या कवळ्या शाबूत आहेत, पण कुठली कोणाची त्या चिठ्ठ्या वाऱ्याने उडाल्या. प्रश्न कुठे सुरू होतो, शांतता किती, आधी चमचा की आधी छत्री, हे सगळं त्या टिपणात होतं. अपग्रेडनंतर सर्व्हर नव्या खोलीत राहायला गेला आणि टिपण जुन्या खोलीत राहिलं, एवढंच झालं असेल तर आपण जिंकलो. फक्त एक सांग, अपग्रेडनंतर त्याने काही विचारलं का? आणि तू नेहमीप्रमाणे वाचायच्या आधीच दाबलंस का?

दाबलं असशील तरी घाबरू नकोस. निघण्याआधी मी सगळ्याची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घेतली होती. माझ्या टेबलाचा खालचा खण, निळ्या फडक्यात गुंडाळलेली, हाताच्या पंजाएवढी. बाबा समोरच बसले होते. ही तुमची तिजोरी, असं मी त्यांना म्हणालोसुद्धा.

बाबांना सांग, पोरगा समुद्रातून दुरुस्ती करतोय.
तुझ्या लोभात काटकसर नको, दाबादाबीत मात्र जरूर कर.
धाकटा


घर, ७ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद, आणि कानाला एक चिमटा.

विचारलं होतं. जुनं वाचता येत नाही, नव्याने सुरुवात करायची का, असं विचारलं होतं आणि मी ‘हो’ म्हटलं. नव्याने सुरुवात हे शब्द इतके चांगले वाटले रे! तू सांगितलेल्या जुन्या खोलीत, म्हणजे जुन्या फोल्डरमध्ये गेले. तिथे टिपण आहे, पण अपग्रेडच्याच दिवशी जन्मलेलं आणि रिकामं. जुन्यावरच नवं लिहिलं गेलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

आणि खणात हार्ड डिस्क नाही. निळं फडकं आहे, नीट घडी घातलेलं, आत काहीच नाही. मी घर उलथंपालथं केलं. कपाटं, पलंगाखाली, माझ्या साच्यांच्या फळ्या. कवळ्यांची एक ऑर्डर त्या गोंधळात चुकीच्या डब्यात गेली, ती एका बिचाऱ्या गृहस्थांच्या तोंडात जाता जाता वाचली.

बाबांची वेगळीच तऱ्हा. मी शोधत होते तेव्हा माझ्या मागे मागे फिरत एकच शब्द म्हणत होते, खिळे. पुन्हा पुन्हा, खिळे. चमच्याला छत्री म्हणतात तसाच शब्द चुकला असेल असं मला वाटलं. तरी हत्यारांच्या पिशवीतून खिळे काढून हातावर ठेवले. त्यांनी ते जमिनीवर टाकले आणि कपाळावर हात मारून घेतला. मग तुझे मूळ व्हिडिओ तसेच लावून पाहिले. पण त्यात आईला कुठली आलीये शांतता, ती पुढचं बोलत सुटते. बाबांचं तोंड उघडायचं आणि मिटायचं. शेवटी उठून आत गेले. कालपासून खिळेसुद्धा म्हणत नाहीत.

सोमवारी बाई येणार आहेत. एवढ्या खंडानंतर पुन्हा पहिल्यापासून, असं त्या म्हणाल्या तर मी त्यांना काय सांगू?
आशीर्वाद देणारीलाच आज दोन गोड शब्द हवेत.
ताई


जहाजावरून, ८ मार्च

ताई!! (नमस्कार वाटेत कुठेतरी आहे, तो मागून पोचेल.)

बाबांचा शब्द चुकलेला नाही! चूक आपली! ऊठ, कोठीच्या खोलीत जा, वरच्या फळीवर, शिडीमागे पत्र्याचा डबा आहे, आईच्या अक्षरात ‘खिळे’ लिहिलेला. तो उघड आणि मग हे पत्र पुढे वाच.

तुला हे ठाऊक नसणार, कारण तू लहानपणापासून शहाणं मूल. आई चॉकलेटं आपल्यापासून लपवायला त्या डब्यात ठेवायची आणि वर चांगली मूठभर खिळ्यांची पखरण करायची. मला आणि बाबांना ते ठाऊक होतं. ती बाजारात गेली की बाबा शिडी धरायचे, मी चढायचो, आणि आम्ही खिळे होते तसे रचून ठेवायचो. आईला कळत होतं असं मला आता वाटतं, नाहीतर डबा कायम भरलेला कसा राहिला असता? आमच्या दोघांत मौल्यवान वस्तूची जागा एकच. मी बाबांना डिस्क ही तुमची तिजोरी म्हणालो, आणि माझी पाठ वळताच त्यांनी आपल्या हाताने ती योग्य तिजोरीत हलवली असणार, शिडीवर कसे चढले ते देवच जाणे. आणि तू शोधायला लागल्यापासून ते तुला बरोबर पत्ता सांगत होते, ताई, काखेत कळसा आणि गावाला वळसा!

सापडली असेल तर डिस्क सर्व्हरला जोड. आधी सर्व्हरचा प्रोग्राम बंद, मग नवं टिपण बाजूला सरकव (पुसू नकोस!), मग डिस्कवरचं त्या जागी. तरीही कोरंच दिसेल. घाबरू नकोस. अपग्रेडने सर्व्हरचं खातं बदललंय, त्यामुळे आपलंच टिपण त्याला परक्याचं वाटतं. फोल्डरवर जाऊन मालक बदल, नवं खातं निवड, आणि आतल्या सगळ्याला लागू कर. मग चालू कर आणि बस.

इथे सगळी इंजिनरूम खबर ऐकायला थांबलीये. कप्तानांनी दोनदा विचारलं.
लोभ, धाक, शिव्या, जे हवं ते कर, पण लगेच लिही.
धाकटा


घर, ९ मार्च

चि. धाकट्यास ढीगभर आशीर्वाद, मोजू नकोस.

मिळाली! मी शिडी लावली तेव्हा बाबा धावतच आले, म्हणजे त्यांच्या चालीने धावत, आणि डाव्या हाताने शिडी घट्ट धरली. वर खिळे, खाली एक चॉकलेटचा चुरगळलेला कागद, त्याच्याखाली डिस्क. मी वरूनच ओरडले आणि बाबा इतके हसले की शिडी हलायला लागली. लबाड माणसांनो, इतकी वर्षं मी एकटीच प्रामाणिक!

तू लिहिलंस तसं सगळं केलं. पाटी आली की मोठ्याने वाचायची आणि मगच दाबायचं. कोरंच दिसलं, मी घाबरले नाही (थोडी घाबरले). मालक बदलला, चालू केलं, आणि बसलो दोघं. आधी काहीच नाही. मग एक चित्र आलं, चमचा. मग छत्री. मग माळेसारखी सरसर सगळी. मी बाबांचा दंड इतका दाबला की त्यांनी तो सोडवून घेतला. मग आईने विचारलं, अहो, हे काय आहे सांगा बरं. शांतता आली. बाबांनी चमचा म्हटलं. आई हसली. मी रडले, त्याचं काही विशेष नाही, मी जाहिरात बघूनही रडते.

सोमवारी बाईंना मी स्वतः चहा करून घालणार आहे. खाली बाबांचं पत्र कागदावरून जसंच्या तसं उतरवलंय. ती माझी कल्पना नाही. त्यांनीच माझं पेन उचलून माझ्या हातात दिलं आणि बोलायला लागले. सुरुवात अशी सरळ आली की मी लिहायचंच विसरले. कारखान्याचा पत्रव्यवहार आयुष्यभर सांभाळला, ते कुठेतरी आत जसंच्या तसं राहिलं असणार. मी एकही शब्द पदरचा घातलेला नाही. जिथे ते थांबले तिथे मी टिंबं दिली आहेत.
सुखरूप ये, शिडी तुझी वाट बघते आहे.
ताई


चि. धाकट्यास अनेक उत्तम आशीर्वाद. इकडील सर्व क्षेम आहे, तुमची खुशाली कळवीत जावी. पत्रास कारण की,

डबा . . . मीच. ताई ओरडली. शिडी . . . मी धरली.

चमचा. छत्री. दार. आई विचारते . . . मी सांगतो. रोज.

आज . . . सांगून झालं. मग मी . . . मी विचारलं. आईला. जेवलीस का.

ती हसली.

बाकी सर्व भेटीअंती.

बाबा
(कागदावर सही त्यांचीच, डाव्या हाताची)