राजाच्या ओटिलियाचा चेहरा

३ मे १७४६, आउग्सबुर्ग

काम मिळालं! तेही राजाचं! विधवा बाई कारखाना काय चालवणार म्हणून ज्यांनी नाकं मुरडली, त्यांच्या नाकावर टिच्चून! राजाच्या चर्चसाठी संत ओटिलियाचा, आंधळ्यांना दृष्टी देणाऱ्या संतिणीचा, चांदीचा अर्धपुतळा. आम्ही लूथरपंथी, संतांपुढे गुडघे टेकत नाही — पण कॅथलिकांच्या वेद्या सजवूनच आमच्या चुली पेटतात.

राजाचा माणूस, कास्नर, एक चित्र देऊन गेला. तरुण मुलगी. आखूड हनुवटी, डावी भुवई किंचित वर. "चेहरा हाच हवा."

कोणाचा आहे, मी विचारलं.

"ते विचारायचं नाही, बाई."

१९ मे

फाइट, आमचा जुना कारागीर, चित्र बघून हसला. "मालकीणबाई, ही राजाची ठेवलेली. लावा पैज!"

काहीतरीच! पण मग नाव का लपवायचं?

२ जून

हात चालत नाही. चांदीचा पत्रा ठोकण्यासाठी मऊ राळेवर बसवलाय, गालांचा उठाव झालाय, डोळ्यांपाशी छिन्नी अडते. लोक हिच्यापुढे आंधळी लेकरं घेऊन येणार. बघू दे म्हणून रडणार. आणि चेहरा कोणाचा? राजाच्या ठेवलेलीचा? — पण मी संतांना मानतच नाही, तर त्यांच्या अब्रूची काळजी मला का?

फाइट म्हणाला, "तुम्ही कशाला जीव जाळताय? पाप लागलं तर मला लागेल, कॅथलिक मी आहे."

११ जून

केलं! चित्र खणात उलटं घातलं. हनुवटी लांबवली, भुवया सारख्या केल्या, नाक सरळ. कोणाचाच चेहरा नाही.

फाइट बघतच राहिला. "राजाच्या लक्षात आलं तर?"

"तर कारखाना बंद." म्हटलं आणि छिन्नी उचलली.

१२ जून

चुकलंच माझं.

१३ जून

नाही, बरोबर केलं. बहुतेक.

१ ऑगस्ट

पुतळा गेला. गवतात गुंडाळून, पेटीत. फाइटने क्रूस काढला छातीवर. मी नुसती उभी.

५ सप्टेंबर

उत्तर नाही. दारात गाडी वाजली की खिडकीशी धावते.

२८ सप्टेंबर

कास्नर आला, सगळं सांगून गेला. चित्रातली मुलगी राजाची लेक! लग्नाबाहेरची, मठात वाढलेली, देवीच्या साथीत गेली. राजाने पुतळ्याच्या गालावरून हात फिरवला आणि सगळ्यांदेखत रडला — "हीच. हीच माझी पोर."

चित्र काढून पाहिलं. माझ्या ओटिलियाशी एकही रेषा जुळत नाही.

मग राजाने पाहिलं कोणाला?