आईचा रिकामा चौकोन

डोंगरकडा, रविवार, ऑगस्ट २००६

आईला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून परदेशातल्या नातीसाठी तिचा व्हिडिओ वेबपानावर टाकला. माझ्या संगणकावर ती छान बोलते. जर्मनीहून लेक म्हणाली, "बाबा, नुसता रिकामा चौकोन दिसून राहिला."

पानाच्या एचटीएमएल कोडमध्ये फाइलचा पत्ता मी माझ्याच संगणकातल्या सी ड्राइव्हचा दिलेला! म्हणजे पत्र घरच्या कपाटात ठेवून लेकीला वाच म्हणालो. जन्मभर विनोदी लेखांत दुसऱ्यांच्या गाढवपणावर लिहिलं, आता स्वतःच्या? फाइल इंटरनेटवर चढवायला बसलो, तर सहा वेळा लाइन तुटली. चौकोन तसाच.

व्हिडिओच्या शेवटी आई "कवा येतीस?" विचारते आणि उत्तरासाठी थांबते.

आताही तिनं विचारलं, "पाहिलं का लेकरानं?"

"पाहिलं," मी ओरडून खोटं बोललो.

"मंग? कवा येते म्हणली?"

मी सातव्यांदा लाइन जोडायला उठलो.