भिंगरीचा डावा कान

ता. ४ जून

ती. अक्कास,

शि. सा. नमस्कार. आज विनंतीच्या जागी धाप आहे असं समज.

पाळणाघरातल्या बाईंनी काल सूनबाईला थांबवून सांगितलं, की भिंगरीला बहुतेक कमी ऐकू येतं. हाक मारली तर तिसऱ्या खेपेला वळते, वळते तीही डावा कान पुढे करून, आणि कपाळाला आठ्या घालून “काय?” अशी खेकसते की बाकीची पोरं रडायला लागतात. अडीच वर्षांची नात माझी! मी घरी आलो तर सूनबाई बाहुलीचा झगा हातात घेऊन नुसती बसलेली. काय झालं ते मला दोन-तीनदा विचारावं लागलं.

अक्का, हे माझ्या घरात? मी तर कानावर जगलो. स्क्रू ड्रायव्हरचं टोक मोटरीला, मूठ कानाला, की कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगतो. त्या एका स्क्रू ड्रायव्हरवर दुकान उभं केलं, घर बांधलं. भिंगरी संध्याकाळी दुकानात माझ्याजवळ असते. घरी चमचा फ्रिजला टेकवून कानाला लावते. मी म्हणायचो, वारस मिळाला. आता वाटतं, बिचारी आवाज शोधत होती की काय!

मागून डबा बडवून पाहिला, दचकली. हळूच हाक मारली, ढिम्म. पुढच्या बुधवारी तपासणी आहे. मुलं कशी वाढतात हे बालवाडीच्या शिक्षिकांना शिकवण्यात तुझी हयात गेली. काय ते खरं लिही. फोन नको, तुमच्याकडची लाइन फार खरखरते.

तुझा,
खटपट्या

ता. ७ जून

चि. खटपट्यास,

आशीर्वाद, आणि डबा बडवल्याबद्दल एक चापट.

पत्र वाचता वाचता चहा निवून गेला. पण जरा आठव. पाळण्यात होती तेव्हा दार वाजलं की मान वळवायची. मग बडबड, मग शब्द, आणि आता चार-चार शब्दांची वाक्यं बोलते असं तूच लिहिलं होतंस. ज्या मुलाला ऐकू येत नाही त्याला बोलणं असं आपोआप येत नाही. डोकंही तल्लख आहे. मी आले होते तेव्हा वर्षाचीसुद्धा नव्हती. तुझा चष्मा वाडग्याखाली लपवला तर वाडगा उचलून काढला. दिसेनाशी झालेली वस्तू असते, हे तिला तेव्हाच उमजलं होतं.

या वयात मुलं नकला करतात. आज पाहिलेलं आठवड्याने, दुसऱ्याच जागी करतात. चिडवायला नव्हे, मोठं माणूस असंच असतं असं समजून. समोरच्याच्या मनात काय आहे, त्याला काय दिसतं, काय ऐकू येतं, हे मात्र अजून कळत नाही. लपताना आपलेच डोळे झाकतात. ती समज चौथ्या वर्षाच्या आसपास येते. तेव्हा मुद्दाम करते म्हणून तिला रागावू नका.

तपासणी टाळू नका. आणि आत तिला तूच मांडीवर घेऊन बस. सूनबाई पुरेशी घाबरली आहे.

माया आहेच,
अक्का

ता. १२ जून

ती. अक्कास,

नमस्कार. तपासणीहून आल्या आल्या लिहितोय, अक्षर गोड मानून घे.

बंद खोली होती. भिंगरी माझ्या मांडीवर. दोन्ही बाजूंना एकेक पेटी. आवाज आला आणि पोर त्या बाजूला वळली की पेटीत दिवा लागतो, माकड ढोल वाजवतं. भिंगरी उजवीकडे वळली, माकड नाचलं. पुन्हा उजवीकडे, पुन्हा माकड. मी इतकी वर्षं यंत्रांत घालवलेला माणूस, मला कोण फसवणार? मी तपासणाऱ्या बाईंना बजावलं, की तुम्ही आवाज न देताच माकड नाचवताय, आणि पोरगी माकडाच्या लालसेने वळतेय.

बाई थांबल्या. उठून माझ्या डाव्या बाजूला आल्या आणि सावकाश म्हणाल्या, की आवाज प्रत्येक वेळी दिला होता.

मग त्यांनी हेडफोन माझ्या कानांवर ठेवले.

भिंगरीचे कान ठणठणीत आहेत. माझे गेलेत. उजवा बराचसा, डाव्याचे बारीक आवाज. मोटरीची घरघर स्क्रू ड्रायव्हरमधून हाडात शिरते, ती तेवढी कळते.

येताना सूनबाई रडत रडत म्हणाली, की ती कधीपासून माझ्या डाव्या बाजूनेच बोलते. दुकानातला जुना मिस्त्री मी पास केलेली प्रत्येक मोटर पुन्हा उघडून बघतो. सगळ्यांना ठाऊक! आणि पाळणाघरात त्या आठ्या, ते खेकसणं, तिसऱ्या हाकेला वळणं, तो मीच की गं!

कानात यंत्र घाला म्हणतात. मी साफ नाही म्हटलं. कानावर नाव कमावलेल्याच्या कानात यंत्र बघून गिऱ्हाईक काय म्हणेल?

हादरलेला,
खटपट्या

ता. १६ जून

चि. खटपट्यास,

आशीर्वाद. आज चापट मला.

आमच्याकडची लाइन खरखरत नाही. मी तुझ्या गुडघ्याची चौकशी करायचे आणि तू पंपाचे भाव सांगायचास. तोंडावर बोलायचा धीर झाला नाही, म्हणून पत्रांवर आले. घरच्यांनी तेच केलं. भिंगरीने मात्र जे पाहिलं ते उघडपणे करून दाखवलं.

यंत्रं दुरुस्त करून मोठा झालास आणि एक यंत्र घालायला लाजतोस? ती बघतेय. तू लपवलंस तर ती लपवणंही शिकेल.

रागावू नकोस,
अक्का

ता. २९ जून

ती. अक्कास,

नमस्कार. यंत्र घातलं. गिऱ्हाइकाला वाटलं फोनचा नवा इअरफोन घेतला.

केवढा गोंगाट आहे या घरात! वर्तमानपत्र कडकडतं, माझ्याच चपला फटफटतात. पण खरा धक्का पुढेच. काल खुर्चीत बसलो होतो, भिंगरी उजवीकडे जमिनीवर बाहुलीशी कुजबुजत होती. मला ऐकू येतंय हे तिला ठाऊक नव्हतं. ती बाहुलीला दटावत होती, की इकडून नाही सांगायचं, आजोबांना इकडून नाही येत, तिकडून सांग. मग बाहुली काखेत मारून खुर्चीला वळसा घातला, डाव्या बाजूला आली, आणि मोठ्याने म्हणाली की बाहुलीला बिस्कीट हवंय.

मी वाकून दोघींना एकेक बिस्कीट दिलं. तुझं ते चौथ्या वर्षाचं गणित पुन्हा तपासून बघ.

रविवारी फोन करतो. आधी गुडघ्याचंच विचार. लोभ आहेच, आता ऐकूही येऊ दे.

तुझा,
खटपट्या