आळशी हा शब्द परत घ्या

अण्णा, तुम्ही मला आळशी म्हणायचात, तो शब्द आज मी तुम्हाला परत करायला बसले आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता कशाला उकरून काढतेस, असं आई म्हणेल. म्हणू दे. काल दादाचा फोन आला आणि माझं डोकं फिरलं. ती इंजेक्शनं बंद कर म्हणाला, सगळी केमिकल्स असतात. अण्णांना बघ म्हणाला, जन्मात कधी गोळी खाल्ली नाही आणि शेवटपर्यंत खांबासारखे ताठ चालले. त्यावर मी त्याला काय ऐकवलं ते नंतर सांगते. आधी त्या खांबाबद्दल बोलू.

आठवून बघा, मी नुकती कॉलेजला जायला लागले आहे. सकाळ झालेली असते, स्वयंपाकघरातून आईच्या भाकरी थापण्याचा आवाज येत असतो, आणि मी अंथरुणात या कुशीवरून त्या कुशीवर कसं वळायचं याचाच विचार करत असते. कंबर धरलेली, बसायच्या हाडात खोल ठणका, पाठ लाकूड झालेली. जमिनीला पाय टेकवला की डोळ्यांत पाणी येतं. तुम्ही आधीच मैदानावर जाऊन आलेले असता. अंगात पांढरा टीशर्ट, गळ्यात शिट्टी. दारात थांबता, नेहमीसारखे अख्खे माझ्याकडे वळता आणि म्हणता, "आळशी कुठली. या वयात कंबर दुखते होय? ऊठ." मग मला शाळेच्या मैदानावर घेऊन जाता. पहिली फेरी मी रडत मारते. मग हळूहळू कंबर सुटायला लागते, आणि थोड्या वेळानं मी चक्क पळत असते. तुम्ही कमरेवर हात ठेवून विचारता, आता दुखतंय का. मी खरं तेच सांगते, नाही. "मग झालं तर. खरं दुखणं असतं तर पळून वाढलं असतं. हा निव्वळ आळस आहे."

मलाही पटलं हो. दुखणं म्हणजे पडून राहायचं, विश्रांती घ्यायची, एवढंच सगळ्यांना माहीत. माझं दुखणं उलट्या खोपडीचं. पडलं की वाढायचं, हललं की कमी व्हायचं. मला बरं वाटणं हाच माझ्याविरुद्धचा पुरावा झाला. लग्न होऊन निफाडला गेले तर तिथेही सकाळी उठायची बोंब, आणि दुपारी द्राक्षांच्या बागेत मीच सगळ्यांच्या पुढे. सासरच्यांनी यातून जो अर्थ काढायचा तो काढला. आम्ही नाशिकला परत आलो, मुलं झाली, ती मोठी झाली, तरी मी मनातल्या मनात स्वतःला आळशीच म्हणत होते.

आता माझे उपाय ऐका. आईनं रुईची पानं तव्यावर गरम करून बांधली. भाजलेली वीट फडक्यात गुंडाळून शेकलं. निर्गुंडीचा पाला उकळून त्या पाण्यानं आंघोळ घातली. चांदवडच्या एका हाडवैद्यानं मला पालथं झोपवून पाठीवर असा काही गुडघा रोवला की मी त्याला अद्वातद्वा बोलले, पुढचा आठवडा वाकता आलं नाही ते वेगळंच. शेजारच्या खाला हिजामाला घेऊन गेल्या. पाठीवर कप लावून रक्त काढलं, आणि खरं सांगते, काही दिवस हलकं वाटलं. साबुदाण्यासारख्या गोळ्या झाल्या, चुंबकाचा पट्टा झाला. एका काढ्यानं तर जिभेची चवच गेली. आणि या सगळ्यांच्या जोडीला मेडिकलमधून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या, कुणालाही न विचारता, मिळेल ती, पोटाची वाट लागेपर्यंत. ज्यानं जे सांगितलं ते मी केलं. मुळात झालंय काय, हे मात्र एकानंही विचारलं नाही.

ते विचारलं डोळ्यांच्या डॉक्टरनं. मी काय करते ते तुम्हाला ठाऊक नाही, तुमच्या माघारी सुरू केलं. मी बायकांना मोटार शिकवते. इथल्या द्वारका चौकात, त्या ट्रकांच्या आणि रिक्षांच्या गर्दीत, शेजारी घाबरलेली बाई आणि माझ्या पायाखाली जादा ब्रेक. तर एक दिवस डोळा लालबुंद झाला, उजेड सोसवेना. डॉक्टरनं तपासलं आणि डोळ्याचं सोडून एकदम विचारलं, सकाळी उठताना पाठ आखडते का. मी हसलेच. त्यानं मला सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. फोटो काढले, रक्त तपासलं. बाई म्हणाल्या, हा आळस नाही, आजार आहे. शरीर स्वतःच्याच मणक्यावर उठतं, सूज येते, कधी डोळ्यातही, आणि लक्ष दिलं नाही तर मणके एकमेकांना जुळत जातात. विश्रांतीनं वाढतं आणि हालचालीनं कमी होतं, हीच त्याची खूण. अण्णा, हीच खूण. भर दवाखान्यात मी ओक्साबोक्शी रडले. बाईंना वाटलं, आजाराला घाबरले. कसली घाबरतेय, मी सुटले होते.

मग त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणाला आहे का. मी ठसक्यात सांगितलं, छे, माझे वडील खेळाचे मास्तर, पाठ बघत राहावी अशी. बाईंनी विचारलं, "त्यांची मान वळायची का?" एकदम डोळ्यांसमोर आलं, तुम्ही शाळेच्या मैदानावर उभे आहात, मागून कुणीतरी हाक मारलीय, आणि तुम्ही मान न वळवता पायांसकट अख्खे मागे वळताय. पोरं तुमच्या पाठीमागे खुशाल वाकुल्या दाखवायची, मीही त्यांच्यात होते. मधूनमधून तुमचे डोळे यायचे, मग काळा गॉगल लावून शाळेत जायचात आणि आम्हाला तो रुबाब वाटायचा. बुटांची नाडी आई बांधायची, तो मान वाटायचा.

घरी येऊन मी आईला धरलं. ती मेथी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "अगं, ते झोपायचे कुठे नीट. पहाटेचे भिंतीला पाठ लावून उभे असायचे, दात आवळून. अंग सुटलं की जायचे मैदानावर." आणि हे कुणाला सांगितलं का नाहीस? तर म्हणे, तुम्ही शपथ घातली होतीत. खेळाचा मास्तरच दुखतं म्हणायला लागला तर त्याला मैदानावर ठेवेल कोण, असं तुम्ही म्हणायचात.

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. नाव ठाऊक नसेल, मान्य. पण सकाळी अंगाचं लाकूड होतं आणि पळालं की सुटतं, हे त्या घरात तुमच्याइतकं कुणाला माहीत होतं? मला बघून तुम्हाला कळायला नको होतं? की कळलं होतं, आणि स्वतःला जे म्हणत होतात तेच मला म्हणालात? तुमच्याकडे एकच औषध होतं, पळणं. ते तुम्ही मला दिलंत, पण शिवीत गुंडाळून दिलंत. डॉक्टरीणबाईही तेच सांगतात, रोज सकाळी व्यायाम, त्यात खंड नाही. औषध बरोबर होतं, अण्णा. निदान चुकलं, आणि मी त्या चुकीत माझं अख्खं तरुणपण काढलं. याची माफीबिफी मी देणार नाही. निदान इतक्यात तरी नाही.

म्हणून काल मी दादाला म्हणाले, "अण्णा ताठ नव्हते, आजारी होते. त्यांचा कणा जुळून एक झाला होता, त्यांना वाकताच येत नव्हतं." डॉक्टरीणबाईंनी दिलेली माझी इंजेक्शनं फ्रिजमध्ये कोथिंबिरीशेजारी असतात आणि तिथेच राहतील, वेळ झाली की मी ती स्वतःच्या हातानं पोटात टोचून घेईन. वीटही शेकेन. खालांबरोबर कप लावायला मात्र आता जात नाही, या इंजेक्शनांवर असताना कातडीला चिरा नकोत असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, खाला रुसल्या आहेत तर रुसू देत. वीट शेकते म्हटल्यावर बाई हसतात, हसू देत. दुखणं माझं आहे, त्याला कशानं शांत करायचं ते मी ठरवीन. फक्त बाईंचं औषध सोडायला सांगणाऱ्यानं माझी पायरी चढायची नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना. एका दमात एवढं सगळं बोलले.

दादा वेगळ्याच आवाजात म्हणाला, "आमची मुलगी हल्ली सकाळी उठत नाही. कंबर धरते म्हणते. मी काल तिच्यावर ओरडलो." काय म्हणून ओरडलास ते मी विचारलं नाही. मला माहीत होतं. तो शब्द अजून त्या घरात फिरतोय, अण्णा, तुमच्यामागे. सोमवारी मी तिला डॉक्टरीणबाईंकडे नेणार आहे. आजार निघेल न निघेल, पण तिला आळशी म्हणायची आता कुणाची बिशाद नाही. तुमचीसुद्धा नाही.

हे पत्र टाकायचं कुठे? गाडीच्या कप्प्यात ठेवीन, लायसन्सच्या फॉर्मांखाली. माझ्या आजाराचं मी आता काही लपवत नाही. शिकायला येणाऱ्या बायकांना पहिल्याच दिवशी सांगते, माझी मान वळत नाही, म्हणून मी आरशात बघते, तुम्हीही आरशात बघायला शिका. लग्नात, बँकेत, कुणी विचारो न विचारो, मी सांगून मोकळी होते. पण एक कबूल करते. परवा भाजी घेताना तुमचा एक जुना विद्यार्थी भेटला, आता स्वतःच आजोबा झालेला. म्हणाला, लांबूनच ओळखलं, चाल अगदी सरांची, तीच ताठ पाठ. त्याला सांगायला हवं होतं की हा रुबाब नाही, आजार आहे. ओठांवर आलंही होतं. पण मी नुसतं म्हटलं, "हो, त्यांचीच मुलगी." आणि तो मागून बघतोय हे माहीत होतं म्हणून रिक्षापर्यंत आणखी ताठ चालत गेले. दुखत होतं, तरी.