फरशी, व्हिनेगर आणि माझी कंबर

१ तारीख, सोमवार. सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. रोज. न चुकता.
'निर्मळ वसुंधरा क्लीनिंग सर्व्हिसेस'ला तीन महिने पूर्ण. गिऱ्हाईक एक: चौकातली पाच मजली ऑफिस बिल्डिंग. सहकारी तीन: मोठ्या ताई आणि त्यांच्या दोन धाकट्या बहिणी. 'कामवाली' हा शब्द मी कंपनीत बंद केला आहे. मोठ्या ताई मला 'साहेब' म्हणतात, पण त्यांच्या मनाविरुद्ध ते कसं बंद करणार?
महिनाअखेर कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायचंय. नाही झालं तर मी मेहुण्याच्या फरशीच्या दुकानात बसायचं, असं ही आणि तिचा भाऊ यांनी परस्पर ठरवून टाकलंय. मी मेलो तरी त्या दुकानात बसणार नाही.

३ तारीख, बुधवार
केमिकल पूर्ण बंद. यापुढे फक्त माझा फॉर्म्युला: व्हिनेगर, लिंबाच्या साली आणि एक गुप्त घटक, जो मी या वहीतही लिहिणार नाही. (पाणी.)
ही म्हणाली, घरभर आंबूस वास सुटलाय, जग स्वच्छ करण्याआधी आपल्या बाथरूममधला पिवळा डाग काढून दाखवा. तिला समजावलं की माझं काम धोरण ठरवण्याचं. शिवाय कंबर. डॉक्टरांनी वाकू नका म्हणून सांगितलंय. सात वर्षं झाली त्याला, पण 'आता वाका' असं त्यांनी कुठे म्हटलंय?

४ तारीख
लिहायला वेळ झाला नाही.

५ तारीख, शुक्रवार
रोज सकाळी दहा मिनिटं 'मन मोकळं करू या' सत्र सुरू. असं कुठल्या कंपनीत आहे? गोल बसलो. मी अठरा मिनिटं मन मोकळं केलं. मग मोठ्या ताईंना बोलतं केलं. त्या म्हणाल्या, बादलीची कडी तुटलीय. धाकट्या दोघी म्हणाल्या, हो, तुटलीय.
भावनिक पातळीवर अजून बरंच काम करावं लागणार.

९ तारीख, मंगळवार
मॅनेजर खूश! म्हणाले, सगळे मजले लखलखतायत. आठवड्यात दहा बाटल्या फॉर्म्युला संपला. तळमजल्यावरच्या मोरीचा वाससुद्धा गेला, आणि तिथे तर मी तो वापरायला सांगितलाही नव्हता. आपला आपण पोचतो.
फक्त मोठ्या ताई रोज सकाळी किटल्याच्या किटल्या पाणी कशाला तापवतात कळत नाही. चहा पिताना तर कोणी दिसत नाही. वीज वाचवण्याबद्दल प्रेमाने समज दिली. त्या 'बरं' म्हणाल्या आणि किटली लावली.

१२ तारीख, शुक्रवार
नवीन व्हिजिटिंग कार्ड गेल्या आठवड्यातच आली होती. बियांच्या कागदाची, पेरली की रोप येतं. गठ्ठा पँटच्या खिशात होता, हिने पँट भिजत घातली आणि विसरली. बारा कार्ड उगवली. माल चांगला आहे.

१६ तारीख, मंगळवार
येत्या मंगळवारी बिल्डिंगचे मालक येणार. ते पाहतील आणि ठरवतील. लॉबीचा काळा संगमरवर मी स्वतः करायचा निर्णय घेतला. मोठ्या ताई बाजूला घेऊन म्हणाल्या, "साहेब, तिथं ते पाणी लावू नका. तो दगड नाजूक आहे."
नव्या विचारांना असा विरोध व्हायचाच. मी रागावलो नाही. त्यांच्या बादलीला कडीच्या जागी सुतळी बांधलेली पाहिली. पुनर्वापर रुजतोय, बरं वाटलं.

२१ तारीख, रविवार. दुपार
बिल्डिंग बंद. लॉबीत फॉर्म्युला ओतला, तोही गुप्त घटकाशिवाय. आता पुसायला वाकावं लागतं आणि कंबर तर अशी. म्हणून उद्यापर्यंत मुरू दिला. निसर्गाला घाई केलेली आवडत नाही.

२२ तारीख, सोमवार. सकाळी ७
लॉबी पांढरट पडली आहे. बादली ठेवली होती तेवढाच गोल काळा चमकतोय.
बहुधा दगडातली जुनी केमिकल वर येत असावीत.

तोच दिवस, ७.४०
हिला पाठवलेला लॉबीचा फोटो पाहून मेहुण्याचा फोन. "दाजी, आंबट पडलं की संगमरवर खाल्ला जातो. हे आमच्या दुकानातला हमालही सांगेल." फरशी विकणारा माणूस दुसरं काय बोलणार!


२३ तारीख, मंगळवार
मालकांनी विचारलं, हे कोणी केलं. मी म्हणालो, 'आम्ही'. सहकाराचं तत्त्व आहे. मोठ्या ताईंनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. मला राहवलं नाही, म्हणालो, मी.
मग मालकांनी विचारलं, वरचे चार मजले कसे चांगले राहिले. ताई म्हणाल्या, गरम पाणी आणि साबणाचे चार थेंब. आणि बाटल्या? त्या रोज मोरीत.
कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं. मोठ्या ताईंच्या नावावर. मॅनेजरनी लगेच तीन नव्या बादल्या मागवल्या. लॉबीला पॉलिश मेहुण्याची माणसं करून देतील, बदल्यात एक तारखेपासून मी दुकानात.
निघताना ताई फाटकापर्यंत आल्या. "मनाला लावून घेऊ नका, साहेब. केमिकल मीपण वापरत नाही. औषध कमी, हात जास्त, एवढंच." मला फार लाज वाटली. रिक्षा मिळेपर्यंत त्या थांबल्या.

३० तारीख, मंगळवार
शेवटची बाटली बाथरूममधल्या पिवळ्या डागावर ओतली. उभ्यानेच. डाग ढिम्म.
शेवटी ताईंना फोन केला. म्हणाल्या, "गरम पाणी घ्या, साबण थोडा, जुनं फडकं. आणि साहेब, वाका."
वाकलो. कंबरेला काहीही झालं नाही.
अर्ध्या तासात डाग अर्धा गेला. ही दारात येऊन उभी राहिली. गरम पाण्याची बादली दोन्ही हातांनी काठाला धरून आत ठेवली. म्हटलं, कडीला धरायचं ना. म्हणाली, तुटलीय.
विचारलं, कधीपासून? म्हणाली, दोन वर्षं सांगतेय.