दुप्पट वेगातली आई

गुरुवार, संध्याकाळ. माहूज, आखात

मनातून जातच नाही. इथिओपियाचे तंत्रज्ञानमंत्री कॉन्फरन्सला आलेत, ड्रायव्हर मी. आज त्यांना हॉटेलवर सोडताना फोनवर मॅप लावायला गेलो आणि आईचा व्हॉइस मेसेज गाडीच्या स्पीकरवर सुरू झाला. नेहमीसारखा दुप्पट वेगात.

"तुझी आई एवढ्या घाईत का बोलते?" साहेबांनी विचारलं.

"आई नाही सर, मीच फास्ट लावतो. वेळ वाचतो."

ते खिडकीबाहेर बघायला लागले. म्हटलं खलास, चिडले. मग आपणहून सांगायला लागले. त्यांची आई इथेच, माहूजमध्ये, कुणाच्या तरी घरी कामाला होती. लिहिता येत नव्हतं, म्हणून कॅसेटवर बोलून पाठवायची. तिकडे यांच्या गावात वीज नाही. टेपचे सेल उतरले की तिचा आवाज लांबत जायचा, घोगरा व्हायचा, आणि हे पोरवयात घाबरून रडायचे. त्या आवाजापायी इंजिनियर झाले, गावात फोनचा टॉवर उभा केला, पुढे मंत्री. पण टॉवर सुरू झाला तेव्हा फोन करायला आई उरली नव्हती.

आणि मी सांगतोय, वेळ वाचतो! कसला वेळ? काय करतो मी त्या वेळाचं?

आत्ता रूमवर तोच मेसेज साध्या वेगात लावला. शिमग्याला येतोस ना, एवढंच विचारतेय. पण दोन शब्द बोलते, थांबते, श्वास घेते. परत दोन शब्द.

आईला दम लागतोय. कधीपासून?