टॉलिव्हरच्या हातातलं वल्हं

वॉलून क्रीक, विस्कॉन्सिन
रविवार, १८ ऑक्टोबर

प्रिय नॉर्बर्ट,

अनेक आशीर्वाद. आई ठीक आहे. तिचा गुडघा ठणकतोय, पण थंडी पडायला लागली की तो ठणकतोच. तुझा कुत्रा नीट जेवतो आणि माझ्या सोफ्यावर झोपतो.

बातमी ही की यंदा चर्चमध्ये बूया होणार नाही; हंडाभर कोंबडीच्या रश्श्यासाठी घरचे डबे घेऊन गाव रांग लावणार नाही. आज सकाळची मास-प्रार्थना संपल्यावर फादर वॉल्टरनी मला चर्चच्या पायऱ्यांवर गाठून तसं सांगितलं, आणि दुपारी स्वतः पिकअपमध्ये बूयाचा आपला हंडा घालून आपल्या अंगणात आणून ठेवला. तिवईसकट, घासूनपुसून. ढवळायचं वल्हं चादरीत गुंडाळलेलं होतं. ते माझ्या हातात देत म्हणाले, "कोलेट, बिशपांच्या कार्यालयातून फोन होता. चर्चच्या आवारात एका उमेदवाराची जाहिरात झाली म्हणून तक्रार गेलीय. मी काय करू सांग."

मी म्हटलं, "तुम्ही काही करू नका फादर. करणाऱ्याने करून ठेवलंय."

तुझ्या जंगलातल्या कँपवर फोन लागत नाही, आणि लागला तर मी ओरडेन आणि आई ऐकेल, म्हणून लिहिते. शनिवारी किराणा घ्यायला खाली येशील तेव्हा दुकानात हे पत्र मिळेल. उभ्याउभ्या वाचू नकोस.

ती जाहिरात इथे रोज बातम्यांच्या आधी लागते आणि बातम्यांच्या नंतरही लागते. चर्चच्या मागच्या मेपलखाली आपला हंडा, बाबांचा निळा एप्रन घातलेला तू, आणि तुझ्या शेजारी तुझा तो गव्हर्नरपदाचा उमेदवार टॉलिव्हर, हातात वल्हं घेऊन. तो हसतो आणि ढवळतो. मग तू कॅमेऱ्याकडे बघून सांगतोस की या राज्याच्या करांनी आपली पेपर मिल मारली, मिल बंद झाली त्या दिवशी आपले वडील संपले, आणि सरकारी मदतीच्या तुकड्यांवर जगायची डेल्व्हो घराण्याला सवय नाही.

आईने पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी तिच्या शेजारीच होते. वाटलं, रडेल. ती पुढे वाकली, चष्मा सारखा केला आणि म्हणाली, "त्यात कोंबडी नाहीये."

"काय?"

"वाफ बघ ना. नुसतं पाणी आहे. वर चार गाजरं टाकलीयत."

खरंय का रे? आपल्या हंड्यात तुम्ही पाणी उकळलंत?

बाबांच्या हयातीत वल्हं घरच्या माणसाशिवाय कुणाच्या हाती गेलं नाही. चूल पेटल्यापासून शेवटचा वाडगा भरेपर्यंत. एकदा एक सिनेटर आले होते, फोटोवाल्यासकट. बाबांनी त्यांना विचारलं, "डबा आणलाय का?" त्यांनी आणला नव्हता. "मग घरून घेऊन या, आणि येताना रांगेच्या शेवटी उभे राहा." सगळी रांग हसली. ते बिचारे खरंच हार्डवेअरच्या दुकानातून बादली घेऊन आले. बाबांनी ती काठोकाठ भरून दिली. मत मात्र त्यांना दिलं नाही. त्या रांगेत तू माझ्या पुढे उभा होतास.

आणि 'संपले' म्हणजे काय? मिल बंद झाल्यावर बाबा अकरा वर्षं जगले. त्रेपन्नाव्या वर्षी वही घेऊन मी नोकरी करते त्याच कॉलेजात आले, नाकात रिंग घातलेल्या पोरांच्या शेजारी बसून बॉयलर शिकले, राज्याच्या खर्चाने. मग शाळेचा बॉयलर सांभाळला. हिमवादळातसुद्धा वर्ग गरम असायचे. तुझी मुलगी त्याच वर्गात बसायची! टॉलिव्हर निवडून आला तर पहिली कात्री याच अभ्यासक्रमांवर चालवणार आहे, आणि ते तो लपवतही नाही. माझी नोकरी जाईल म्हणून मी चिडलेय असं तू म्हणशील. जाईलच. म्हणूनही चिडलेय.

तुझं काहीच खरं नाही असं मी म्हणत नाही. लेंटच्या उपासातल्या शुक्रवारी, चर्चच्या फिश फ्रायला तू टेबलावर मूठ आपटून म्हणालास, "कोलेट, मी झाडं तोडतो आणि ती रस्त्याकडेला कुजतात. मिल नाही तर माझ्या लाकडाला गिऱ्हाईक नाही. तुझी गव्हर्नर दोन वर्षं सांगतेय, मिल पुठ्ठ्यासाठी पुन्हा सुरू करू, कर्जाची हमी देऊ. कुठाय?" मी म्हटलं की त्याआधी तुझ्या पक्षाच्या लोकांनी मिलवाल्यांना कर माफ केले, बदल्यात एका नोकरीचीही अट घातली नाही, आणि ते माफी खिशात घालून दक्षिणेत निघून गेले. तू तावातावाने सॉसची वाटी ओढलीस. ताटं वाढणारी मुलगी म्हणाली, "तुम्ही दोघं बाहेर भांडा, मासा थंड होतोय." आपण हसलो आणि खाल्लं. इतकं साधं होतं ते. टार्टर सॉस सांडला होता तुझ्या बाहीवर.

ते भांडण तू मांडायचं होतंस. लाकूड कुजतंय हे सांगायचं होतंस. बाबांना कशाला ओढलंस?

गेल्या आठवड्यात माझ्याकडेही दोन माणसं येऊन गेली. ते जाऊ दे.

एप्रन धुऊन परत कर.

तुझी (अजून तरी) बहीण,
कोलेट

*

वॉलून क्रीक
सोमवार, २६ ऑक्टोबर

नॉर्बर्ट,

तुझ्या चार ओळी मिळाल्या. लाकडाच्या पावतीमागे लिहिण्याइतकीच माझी किंमत असेल तर असो.

तू लिहितोस, "बाबांचं ते वाक्य माझं नाही. त्यांनी लिहून दिलं, मी वाचलं. तीनदा वाचायला लावलं. लाकडाचं बोललो होतो, ते कापलं. पाण्याचं खरं आहे. वल्हं त्याने मागितलं, मी दिलं."

मागितलं आणि दिलं! बाबांनी डोळे वटारले असते तर टॉलिव्हर मेपलवर चढला असता.

आता माझं ऐक. हे पत्र मी शेजारच्या रॉजरच्या मुलीबरोबर पाठवतेय, उद्या ती तुझ्याच रस्त्याने वर जाते आहे. तुला हे गुरुवारच्या आधी मिळायलाच हवं.

ती दोन माणसं गव्हर्नर रेनहार्टबाईंच्या प्रचाराची होती. एक कॅमेरावाला आणि एक ब्रिन नावाची तरतरीत मुलगी. तुझी जाहिरात तोवर आठवडाभर चालू होती. माझं डोकं तापलेलंच होतं. त्यांना कॉफी दिली, आईने ॲपल-पायचा तुकडा दिला. ब्रिन म्हणाली, "तुमच्या वडिलांचं खरं काय ते सांगा ना, लोकांना कळू दे." मी सांगितलं. बॉयलर, वही, शाळा, सगळं. चांगलं बोलले मी, नॉर्ब. मग तिने सहज विचारलं, "आणि तुमच्या भावाने कधी राज्याची मदत घेतलीच नाही का?"

मी सांगितलं. तुझं झाडं तोडायचं यंत्र राज्याच्या कर्जावर आलंय आणि त्याचे कागद मी कॉलेजातल्या माझ्या टेबलावर भरून दिले, हे सगळं. तू ते कुणाला सांगू नको म्हणाला होतास, तुझ्या बायकोलाही. ते मी विसरले नव्हते. आठवत असूनच बोलले.

पुढे हेही बोलले की ती योजना चांगली आहे पण लोकांपर्यंत पोचत नाही, माझ्या टेबलावर अर्ज महिनोन् महिने पडून असतात. की मिलच्या बाबतीत रेनहार्टबाईंनी आम्हाला दोन वर्षं झुलवलं. की आमच्या गावाशी दोघंही खोटं बोलले.

परवा ब्रिनने तयार झालेली जाहिरात आमच्या टीव्हीवर लावून दाखवली. अर्ध्या मिनिटाची आहे. बाबा त्यात एका वाक्यापुरते आहेत. अर्ज नाहीत, मिल नाही, दोघांच्या खोट्याचं तर नावच नाही. उरलं ते तुझं कर्ज. शेवटी तुझा चेहरा गोठवलाय, तोंड उघडं असताना, आणि त्यावर लाल अक्षरांत 'ढोंगी'. मागून माझा आवाज: "कागद मीच भरले."

मी म्हटलं, "हे लावायचं नाही."

ब्रिन म्हणाली, "काकू, तुम्ही सही केलीय."

"सही बाबांच्या गोष्टीसाठी केली होती."

"सही सगळ्यासाठीच असते." मग ती मऊ आवाजात म्हणाली, "तुमचाच पक्ष जिंकायला हवाय ना तुम्हाला?"

हवाय. म्हणून तर जास्त राग येतो. पुढच्या मंगळवारी, तीन तारखेला, मी रेनहार्टबाईंनाच मत देणार आहे, आणि शाई पलीकडे उमटेल इतक्या जोरात मतपत्रिकेवरचा गोल काळा करणार आहे. पण त्या मुलीला मी दाराबाहेर काढलं. तिचा मफलर राहिलाय इथे. राहू दे.

आईने सगळं बघितलं होतं. ती खुर्चीवरून उठली, टीव्हीची पिन काढली आणि म्हणाली, "हा व्हरांड्यात नेऊन ठेव. मतदान झालं की आत आण." मी उचलला. खूप जड आहे रे तो जुना टीव्ही. दारात अडकला. आईने मदत केली नाही, नुसती बघत उभी राहिली.

तर गुरुवारी संध्याकाळी ते लागणार. ब्रिनने फोनवर पुन्हा तसं सांगितलंय. निदान तुझ्या बायकोला तुझ्या तोंडून आधी कळू दे. बुधवारी घरी जा आणि सांग.

माफी मी मागत नाहीये. तू बाबांबद्दल खोटं बोललास, मी तुझ्याबद्दल खरं बोलले, आणि माझंच मला जास्त लाजिरवाणं वाटतंय, याचाही मला संताप आहे. माफी मागायचीच असेल तर आधी तू. मी थोरली आहे.

रविवारी ऑल सेंट्सचा सण आहे. चर्चमध्ये बूया नाही, पण हंडा आपला आहे आणि अंगण आईचं आहे. कोंबड्या सांगून ठेवल्यात, बैलाची शेपटी मिळाली, कोबी रॉजर देतोय. बातमी कशी पसरली कोण जाणे, आज दोन्हीकडच्या प्रचारवाल्यांचे फोन येऊन गेले, उमेदवार आले तर चालेल का म्हणून. दोघांनाही विचारलं, "डबा आहे का?" टॉलिव्हरचा माणूस गोंधळला. रेनहार्टबाईंच्या माणसाने विचारलं, कोणत्या रंगाचा चालेल. घे!

वल्हं आईच्या पलंगाखाली आहे. ती कुणाला देत नाही, मलाही नाही. म्हणते, चूल पेटल्यावर बघू.

चूल पेटायची आहे अजून. इतकी वर्षं ओकची लाकडं तूच आणलीस, फोडून, वर्षभर वाळवून. गावात लाकूड मिळतं. रॉजर म्हणाला, दोन गाड्या टाकतो, पैसे नकोत. मी नको म्हटलं. तुझ्या रस्त्याकडेला लाकूड कुजत पडलेलं असताना मी दुसऱ्याचं जाळणार नाही.

रविवारी पहाटे लोक रिकामे डबे घेऊन फाटकाशी उभे राहतील. तिवई मी मांडून ठेवते. तिच्याखाली काही असेल की नसेल ते मला माहीत नाही.

तुझ्या गाडीची वाट बघणारी आणि तुझ्यावर अजूनही तितकीच चिडलेली,

कोलेट